शनीच्या चंद्रावर यंत्रमानव काय शोधतो?



आपल्या पृथ्वीला चंद्र एकच. शनीला किती असतील? २०२५ सालच्या मार्चपर्यंत २७४ मोजून झाले होते. त्यांत सर्वांत मोठा आहे तो टायटन. तो बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे. ख्रिश्चन हायगेन्स नावाच्या हॉलंडच्या शास्त्रज्ञाने तो १६५५ साली दुर्बिणीतून पाहिला. आपल्या चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ते साल १६५६ आहे. म्हणजे जावळीच्या आदल्या वर्षी! हे मी वर्गात सांगितले तेव्हा कुणाला खरे वाटेना. मग गुरुजींनी दोन्ही साले फळ्यावर लिहून दाखवली.

या टायटनवर अमेरिकेची नासा ही संस्था एक उडणारा यंत्रमानव पाठवणार आहे. त्याचे नाव ड्रॅगनफ्लाय. ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला चतुर, पावसाळा संपताना भातशेतावर उडतो तो. यंत्रमानव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याचे हातपाय असलेला माणूस येतो. हा तसा नाही. हे मोटारगाडीएवढे धूड आहे, वजन पाऊण टनाच्या वर, आणि त्याला आठ पंखे आहेत. २०२८ सालच्या जुलै महिन्यात ते निघायचे ठरले आहे आणि पोहोचणार आहे २०३४ साली. सहा वर्षे नुसता प्रवास.

हे मी घरी सांगितले तर आजी म्हणाली, "शनी माणसाच्या मागं लागतो असं ऐकलं व्हतं. ही माणसं शनीच्याच मागं लागली!" आम्ही सगळे खूप हसलो. मग तिने विचारले, "पण तिथं हाय तरी काय?" आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून त्याचे उत्तर मी या लेखात लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, हा यंत्रमानव तिथे माणसे किंवा जनावरे शोधायला जात नाही. तिथे तसे काही चालताना-फिरताना सापडेल असे कुणाला वाटत नाही. तो साहित्य शोधायला जातो. कसले साहित्य? सजीव ज्या वस्तूंपासून बनतो त्या वस्तूंचे.

आईला भाकरी करायची असली तर तांदळाचे पीठ लागते, पाणी लागते, मीठ लागते आणि चुलीत विस्तव लागतो. डब्यात पीठ आहे म्हणून घरात भाकरी आहे असे होत नाही. पण डब्यात पीठच नसेल तर भाकरी होणारच नाही. शास्त्रज्ञ हा पिठाचा डबा शोधतात.

सजीवाच्या शरीरात मुख्यतः सहा मूलद्रव्ये असतात. पहिला कार्बन, तो कोळशात असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते. नायट्रोजन हवेत असतो, आणि भाताला आपण युरिया घालतो त्यातही असतो. गंधक फटाक्यात असते. फॉस्फरस आगपेटीच्या बाजूला जी काडी घासायची पट्टी असते तिच्यात असतो. अंबरनाथला पूर्वी विम्कोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता, तो आमच्या आजोबांना आठवतो. म्हणजे ही सहाही द्रव्ये आपल्या तालुक्यात कुठे ना कुठे भेटतात! पण ती सुटी सुटी असून उपयोग नाही. ती एकमेकांना जोडली जाऊन अमिनो आम्ले नावाचे पदार्थ होतात. अमिनो आम्लांची माळ ओवली की प्रथिन होते. प्रथिने म्हणजे शाळेच्या पोषण आहारात डाळ आणि अंडी असतात ना, त्यांत जे असते ते.

ही जोडाजोडी आपोआप होते का, हे पाहायला अमेरिकेत स्टॅन्ली मिलर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने एक प्रयोग केला. तो १९५३ साली छापून आला. त्याने काचेच्या चंबूत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरले. पाणी उकळत ठेवले आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडत राहिला. ठिणग्या म्हणजे खोट्या विजाच. काही दिवसांनी पाणी गुलाबी झाले, मग लालसर तपकिरी झाले. तपासले तर त्यात अमिनो आम्ले! चंबूत कुणी सजीव टाकला नव्हता. नुसत्या वायूंपासून ती तयार झाली होती.

आता शास्त्रज्ञांची अडचण ऐका. पृथ्वीवर हे असे पूर्वी कसे घडले ते आता बघता येत नाही. कारण आता पृथ्वीवर जिकडे तिकडे जीवजंतू आहेत, नवे काही तयार झाले तर ते लगेच खाऊन टाकतात. म्हणून अशी जागा पाहिजे की जिथे साहित्य आहे पण खाणारे (बहुतेक) कोणी नाही. टायटन तशी जागा आहे असे त्यांना वाटते.

टायटन दिसतो नारिंगी. त्याच्याभोवती दाट हवा आहे, आपल्या हवेच्या चौपट दाट. तिच्यात बहुतेक नायट्रोजन आणि थोडा मिथेन आहे. मिथेन म्हणजे गोबरगॅसमध्ये जळतो तो वायू. उन्हाने तिथला मिथेन तुटतो आणि तुकडे पुन्हा वेगवेगळ्या रीतीने जुळून नवे नवे पदार्थ होतात. त्यांचेच नारिंगी धुके झाले आहे. ते धुके सावकाश खाली बसते आणि जमिनीवर काळपट वाळूसारखे साठते. त्यात हायड्रोजन सायनाइडही होतो. तो भयंकर विषारी आहे. गंमत म्हणजे त्याच विषापासून पाण्यात अमिनो आम्ले बनू शकतात.

थंडी किती? उणे १७९ अंश. बर्फ तिथे दगडासारखा कठीण असतो. मिथेन वायू इतक्या थंडीत पातळ होतो, आणि त्याचा पाऊस पडतो! त्याच्या नद्या आहेत, सरोवरे आहेत. एक नदी चारशे किलोमीटरहून लांब आहे. आपल्या उल्हास नदीला पूर येतो तसा तिथेही येत असेल का, असे मला वाटले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर माणसे बोटींनी बाहेर काढली होती. मी तेव्हा फार लहान होते, मोठी माणसे अजून सांगतात. तर टायटनवर सुद्धा पूर येत असणार, कारण तिथे गोल गुळगुळीत गोटे दिसले आहेत. गोटे गोल होतात ते वाहत्या प्रवाहात लोळून लोळूनच. फक्त ते गोटे दगडाचे नसून बर्फाचे आहेत.

हे गोटे कुणी पाहिले? १४ जानेवारी २००५ रोजी युरोपचे हायगेन्स नावाचे यान पॅराशूटने टायटनवर उतरले. त्याला उतरायला जवळजवळ अडीच तास लागले. खाली पोहोचल्यावर तासाभराहून थोडे अधिक त्याचे निरोप येत होते. तेवढ्यात त्याने त्या गोट्यांचा फोटो पाठवला. गुरुजींनी तो आम्हाला मोबाईलवर दाखवला. अगदी उल्हास नदीचा काठ वाटतो! पण हायगेन्सला चाके नव्हती आणि पंखेही नव्हते. जिथे पडले तिथेच राहिले. ड्रॅगनफ्लाय मात्र एका ठिकाणचे काम झाले की उडून दुसरीकडे जाईल. दाट हवा आणि कमी वजन, यामुळे तिथे उडणे सोपे आहे. टायटनवर वजन आपल्या सातवा हिस्सा भरते. माझे वजन २८ किलो आहे, तिथे काट्यावर ४ किलो दिसेल.

ड्रॅगनफ्लाय सेल्क नावाच्या मोठ्या खड्ड्याकडे जाणार आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आकाशातून दगड आदळून जसे विवर झाले, तसाच हा खड्डा. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, सेल्क ऐंशी-नव्वद किलोमीटर. एवढा मोठा दगड आदळला तेव्हा उष्णतेने तिथला बर्फ वितळला असणार. मग त्या पाण्यात ती काळपट वाळू कालवली गेली असणार, आणि पुष्कळ काळाने सगळे पुन्हा गोठले असणार. म्हणजे कालवण चुलीवर ठेवले, ते अर्धे शिजले आणि कोणीतरी तसेच फ्रीजमध्ये ठेवून दिले. ते कुठपर्यंत शिजले होते, हे त्या गोठलेल्या टोपात बघायचे आहे. मला हा सगळ्यात चांगला भाग वाटतो.

आता यंत्राला कसे कळते की हा पदार्थ अमुकच आहे? त्याला तर जीभ नाही की नाक नाही. माझे काका अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहेत. त्यांच्याकडे जीसी नावाचे यंत्र असते. तसलेच यंत्र, पण लहान केलेले, ड्रॅगनफ्लायच्या पोटात असणार आहे. काकांनी मला ते जत्रेवरून समजावले. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी जत्रा भरते. समजा गल्लीच्या एका टोकाने सगळी मुले एकदम सोडली. ज्याला कशाचीच हौस नाही तो सरळ चालत पहिल्यांदा बाहेर येईल. ज्याला पाळणा आवडतो तो उशिरा येईल. आणि जो प्रत्येक दुकानाशी थांबतो तो सगळ्यांत शेवटी. (हा आमच्या वर्गात कोण ते सर्वांना माहीत आहे.) तर यंत्रात केसासारखी बारीक आणि फार लांब नळी असते, तिला आतून लेप दिलेला असतो. नमुना तापवून त्याची वाफ नळीतून सोडतात. काही पदार्थ लेपाला चिकटत चिकटत येतात, काही भराभर येतात. कोण किती वेळाने बाहेर आला त्यावरून तो कोण ते ओळखायचे. पुढे आणखी एक यंत्र असते, ते प्रत्येकाच्या कणांचे वजन करते. वेळ आणि वजन दोन्ही जुळले की नाव पक्के.

अमिनो आम्लांची आणखी एक खूण आहे. ती चपलांसारखी डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात. मिलरच्या चंबूत तयार होतात ती निम्मी डावी, निम्मी उजवी. पण झाड, बैल, माणूस, जंतू, कोणाचेही शरीर घ्या, त्यातली प्रथिने डाव्यांचीच बनलेली असतात. देवळाबाहेर नुसत्या डाव्या चपलांचा ढीग दिसला तर आपण काय म्हणू? कोणीतरी निवडून ठेवल्यात म्हणू. तसेच टायटनवर एकाच बाजूची अमिनो आम्ले फार निघाली तर शास्त्रज्ञ दचकतील. निम्मी निम्मी निघाली तर साहित्य आहे, भाकरी झालेली नाही.

पण या सगळ्याहून अवघड काम वेगळेच आहे. सापडलेली वस्तू खरोखर तिथलीच आहे, आपल्याच हाताची गेलेली नाही, हे कसे ठरवायचे? हे कळायला आमच्या पाड्यावरच्या विहिरीची गोष्ट सांगते.

पावसाळ्यात आमच्याकडे जलसुरक्षक काका आणि आरोग्याच्या ताई विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतात. त्यांच्याकडे औषध घातलेली छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून बूच लावून उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात जंतू आहेत, पिऊ नये. बाटली उघडताना ताई ओरडतात, "तोंडाला बोट लावायचं नाही!" कारण बोटाचे जंतू आत गेले तर बाटली काळी होईल आणि आळ येईल बिचाऱ्या विहिरीवर. गेल्या पावसाळ्यात आमची बाटली काळी झाली. विहीर बंद म्हणजे आई, आजी आणि शेजारच्या काकींना दोन-दोन हंडे घेऊन खालच्या बोअरिंगवर जावे लागणार, आणि चढण केवढी! म्हणून बाबा म्हणाले, "बाटलीलाच कुणाचा हात लागला असेल तर?" तर ताईंनी दुसरी बाटली दाखवली. तिच्यात त्यांनी उकळून गार केलेले पाणी भरले होते. बाटली तशीच, औषध तेच, भरणारा हातही तोच. ती काळी झाली नव्हती. म्हणजे दोष विहिरीच्याच पाण्यात होता. मग कोणी काही बोलले नाही. टीसीएल पावडर टाकली, चार दिवस बोअरिंगचे पाणी आणले. नंतरची बाटली स्वच्छ राहिली. काका म्हणाले की कंपनीतही असा रिकामा नमुना आधी तपासतात, त्याला ते ब्लँक म्हणतात.

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या शास्त्रज्ञांपुढे आला होता. डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. पुण्याची आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या. २० मे २०२५ रोजी ते वारले. फ्रेड हॉइल हे इंग्लंडमधले त्यांचे गुरू. हॉइल म्हणत की सूक्ष्मजीव धूमकेतूंबरोबर आकाशातून पृथ्वीवर आले असतील. हे खरे की खोटे, नुसते बोलून कसे कळणार? म्हणून फार उंचावरची हवा आणून तपासायचे ठरले. पहिला प्रयोग २००१ साली झाला, दुसरा २० एप्रिल २००५ ला. नारळीकर त्याचे प्रमुख होते आणि इस्रोने मदत केली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादला फुगे सोडायचे केंद्र आहे. तिथून एक प्रचंड फुगा सोडला. त्याला पोलादाच्या सोळा नळ्या बांधल्या होत्या. नळ्या आतून पूर्ण निर्जंतुक केलेल्या आणि हवा काढून टाकलेल्या. त्या पातळ निऑनमध्ये बुडवल्या होत्या, निऑन म्हणजे उणे २४६ अंश गार. वर गेल्यावर नळीचे तोंड उघडले की बाहेरची हवा आत ओढली जाऊन तिथेच गोठायची. फुग्यावर माणूस कोणी नव्हता, हे सर्व यंत्रानेच केले. २० पासून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरली. आपल्याला बदलापूरहून माथेरानचा डोंगर दिसतो, तसे पन्नास डोंगर एकावर एक ठेवले तर ४१ किलोमीटर होतील. मग नळ्या पॅराशूटने खाली आणल्या.

नमुना एकाच ठिकाणी तपासला नाही. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, दोन्हीकडे वेगवेगळा तपासला. एकाच्या हाताची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू अगदी नवे निघाले. एकाला हॉइल यांचे नाव दिले, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसऱ्याला इस्रोचे, बॅसिलस इस्रोनेन्सिस. तिसऱ्याला आर्यभटाचे, बॅसिलस आर्यभट्टाय. उन्हातल्या अतिनील किरणांनी इतर जंतू मरतात, तितके हे मरत नव्हते. २००९ साली इस्रोने हे जाहीर केले, पण ते पृथ्वीबाहेरून आले हे सिद्ध झाले असे मात्र म्हटले नाही. आणि पुढे काय झाले? आर्यभट्टाय जिवाणू शेतातल्या मातीत, झाडांच्या मुळांपाशीही सापडला! म्हणजे तो खालून वर गेला असेल असेही म्हणता येते. काही जण म्हणतील मग एवढा खर्च कशाला केला? मला तसे वाटत नाही. तीन नवे जिवाणू मिळाले, आणि कोणी खोटी फुशारकी मारली नाही.

शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाचीही अशीच गोष्ट आहे. ते १९९७ साली निघून २००४ साली शनीजवळ पोहोचले. हायगेन्सला त्यानेच नेले होते. शनीचा एन्सेलाडस नावाचा आणखी एक चंद्र आहे, रुंदी फक्त ५०० किलोमीटर, सगळा पांढरा. त्याच्या तळाकडच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात. बर्फाखाली समुद्र आहे. कॅसिनी त्या फवाऱ्यातून आरपार गेले आणि जाता जाता चव घेतली. मीठ निघाले, हायड्रोजन निघाला, कार्बनचे पदार्थ निघाले. २०२३ साली शास्त्रज्ञांनी जुनी माहिती पुन्हा तपासली तर फॉस्फरसही निघाला, तोच आगपेटीवरचा. पिठाचा डबा बराच भरलेला दिसतो.

पुढे कॅसिनीचे इंधन संपत आले. तसेच सोडले असते तर कधीतरी ते एन्सेलाडसवर किंवा टायटनवर आदळले असते, आणि त्याच्यावर पृथ्वीचा एखादा चिवट जंतू उरला असता तर तो तिथे सांडला असता. मग उद्या कुणाला जंतू सापडला तरी तो कुणाचा? म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी ते चांगले यान मुद्दाम शनीच्या हवेत घालून जाळून टाकले. बाटलीच्या तोंडाला बोट लागू नये म्हणून.

ड्रॅगनफ्लायशी बोलणेही सोपे नाही. शनीपासून निरोप यायला एक तास ते दीड तास लागतो, बदलापूरहून लोकलने दादरला जायला लागतो साधारण तेवढा. "खड्डा आहे, बाजूला हो" असे सांगेपर्यंत तो खड्ड्यात गेलेला असेल. म्हणून उडायचे कुठे, उतरायचे कुठे, हे त्याचे त्यालाच बघावे लागणार. ऊन तिथे फार कमी पोहोचते, त्यामुळे वीज सूर्यापासून नाही, प्लुटोनियमच्या उष्णतेपासून घेणार आहे. २०३४ साली तो उतरेल तेव्हा आमची बारावीसुद्धा झालेली असेल.

तोपर्यंत शनी बघून ठेवायला हरकत नाही. त्याला दुर्बीण लागत नाही, टायटन बघायचा असेल तरच लागते. येत्या दोन-तीन वर्षांत दिवाळीच्या सुमारास अंधार पडला की पूर्वेकडे नाहीतर आग्नेयेकडे एक पिवळसर ठिपका दिसेल. तारे लुकलुकतात, हा लुकलुकत नाही. बदलापूर स्टेशनच्या बाजूला दिव्यांचा उजेड फार आहे, म्हणून बारवी धरणाकडे तोंड करून आमच्या शाळेच्या मैदानावर उभे राहावे. आजीला मी दाखवला. तिने आधी हात जोडले, आणि मग विचारले, "त्यो चतुर एवढ्याशा ठिपक्यावर उतरनार कसा?"